‘ह्युमॅनिटीज’ची चौकट : आंतरराष्ट्रीय शाळांतल्या एका विभागाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेने ‘एचओडी, ह्युमॅनिटीज’ अशी जाहिरात दिली की एम.ए. इंग्रजी आणि एम.ए. मराठी झालेल्यांचेही अर्ज येतात. यात अर्जदारांची चूक नाही. २०१६च्या राज्य विद्यापीठ कायद्याने चारच विद्याशाखा ठेवल्या आणि त्यांतल्या मानव्यविद्येत भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र अशी सगळी मंडळी एका छपराखाली आली. शाळेत भाषांचा विभाग मात्र वेगळा असतो. उलट विद्यापीठाने वाणिज्यात टाकलेलं बिझनेस मॅनेजमेंट शाळेत ह्युमॅनिटीजमध्ये बसतं. म्हणजे या विभागाचा प्रमुख एका ज्ञानशाखेचा प्रमुख नसतोच. वेळापत्रकातल्या एका चौकटीचा असतो. त्याच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

ही चौकट जुनी आहे. १९५२-५३च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र एकत्र करून ‘सामाजिक अभ्यास’ शिकवावा असं सुचवलं होतं. आपल्या दहावीत अजूनही इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४० आणि अंतर्गत २० असे गुण मिळून एक विषय होतो, पण शिकवणारे आणि पुस्तकं वेगळी. आयबी डिप्लोमा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएटचा अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम, १९६८ साली जिनिव्हात सुरू झाला तेव्हा या गटाचं नाव ‘स्टडी ऑफ मॅन’ होतं. पुढे ते ‘इंडिव्हिज्युअल्स अँड सोसायटीज’ झालं. आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावीच्या पातळीची परीक्षा, पहिल्यांदा झाली ती १९८८ मध्ये. भारतात डिप्लोमा १९७६ मध्ये कोडाईकनालला आला, १९८३ पासून त्याला बारावीशी समकक्षता मिळाली, आणि पुणे परिसरात १९९७ मध्ये मुळशीच्या डोंगरावर आणि पाठोपाठ हिंजवडीत शाळा उभ्या राहिल्या.

खरा गुंता २०१४ नंतरचा. त्या वर्षी आयबीच्याच सहावी ते दहावीच्या एमवायपी (मिडल इयर्स प्रोग्रॅम) कार्यक्रमाची फेररचना झाली आणि तिथेही ‘ह्युमॅनिटीज’ची पाटी काढून ‘इंडिव्हिज्युअल्स अँड सोसायटीज’ लावली गेली. स्टाफरूममध्ये त्याला ‘आय अँड एस’ म्हणतात. पालकसभेत कोणीतरी विचारतंच, “म्हणजे इतिहास बंद केला का?” बंद झालेला नाही, पण तो कसा शिकवायचा हे शाळेवर सोपवलं आहे. सगळं एकत्र विणून एकाच शिक्षकाने शिकवायचं, सहामाहीत पाळीपाळीने एकेक विषय घ्यायचा, की तीन विषय वर्षभर सुटे चालवायचे? नियमाला तिन्ही चालतात. अट एवढीच की गटाला वर्षाला किमान ५० तास मिळाले पाहिजेत आणि मूल्यमापनाचे चारही निकष वर्षात निदान दोनदा तपासले गेले पाहिजेत.

हिशेब मांडला की निवड आपोआप अरुंद होते. आठवड्याला ४० मिनिटांच्या ४ तासिका आणि हातात येणारे ३४ आठवडे धरले, तर वर्षाला साधारण ९० तास. तीन विषय सुटे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३०, त्यातून गणपती, दिवाळी आणि स्नेहसंमेलनाची तालीम वजा. चार निकष दोनदा म्हणजे ८ नोंदी. तीन सुट्या विषयांचे स्वतंत्र निकाल द्यायचे तर २४. एवढी तपासणी कागदावर होते, वर्गात होत नाही. शिक्षक मग एकाच निबंधावर चारही निकष लावून मोकळे होतात आणि सगळ्या मुलांना ५ आणि ६ च्या मधे कोंबतात. प्रत्येक निकष ८ गुणांचा, एकूण ३२. २३ ला श्रेणी ५ आणि २४ ला ६. त्या एका गुणावर घरी भांडणं होतात, म्हणून अशी ढोबळ तपासणी महागात पडते.

म्हणून बऱ्याच शाळा ‘एकात्मिक’ हा शब्द जवळ करतात. माहितीपत्रकात तो छान दिसतो आणि शिक्षक कमी लागतात, हे दुसरं कारण कोणी छापत नाही. बी.एड.ला अध्यापन पद्धती इतिहासाची किंवा अर्थशास्त्राची केलेला माणूस समोच्चरेषांपाशी आला की तो धडा दोन तासिकांत उरकतो. अकरावीत भूगोल घेणाऱ्या मुलाने मग १:५०,००० चा स्थलदर्शक नकाशा हातात धरलेलाच नसतो. प्रमाण विचारलं तर तो पडद्यावर दोन बोटांनी नकाशा मोठा करून बघतो. उलट बाजूही आहे. भूगोलाच्या शिक्षकाकडे ऐतिहासिक साधन गेलं की उगम, हेतू, मूल्य आणि मर्यादा हे चार मथळे लिहून मूल्यमापन झालं असं समजलं जातं. सहावी-सातवीत विणकाम चालून जातं. आठवीपासून पाळीपाळीने, ज्याचा विषय त्यानेच घ्यावा, हीच मांडणी टिकते. वेळापत्रक करणाऱ्याला ती जड जाते, पण ती अडचण सोसण्यासारखी आहे.

आयजीसीएसईच्या शाळांना हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे पेपरच सुटे. त्यांची ओढाताण कॅलेंडरची. अकरावीच्या प्रवेशाला निकाल वेळेत हवा म्हणून भारतासाठी मार्चची वेगळी परीक्षा आहे आणि तिचा निकाल मे महिन्यात लागतो. त्यामुळे अभ्यासक्रम डिसेंबरपूर्वी संपवून जानेवारीत प्रिलिम घ्यावी लागते. जूनच्या परीक्षेसाठी बनवलेलं नियोजन परदेशातून आयतं आणून वापरलं की शेवटचं प्रकरण हमखास राहतं.

डिप्लोमात विभागप्रमुखाचं वजन वाढलं ते अंतर्गत मूल्यमापनामुळे, म्हणजे आयएमुळे. इतिहासाचा आयए म्हणजे २,२०० शब्दांचा, २५ गुणांचा शोधनिबंध : साधनांची छाननी ६, मांडणी १५, चिंतन ४. २,२०१वा शब्द परीक्षक वाचत नाही. गेल्या १० वर्षांतली घटना चालत नाही. पुण्याच्या मुलांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर सुचतो आणि विषय चांगलाच आहे, कारण चौकशीचा अहवाल आणि त्या वेळची वर्तमानपत्रं अशी दोन वेगळ्या जातीची साधनं मिळतात. बिघडतं कुठे, तर ‘पुराचे परिणाम’ असा मथळा घेतला जातो. त्याने वर्णन होतं, वाद होत नाही, आणि १५ पैकी ७-८ वर गाडी अडते. ‘धरणाचं बांधकाम अपुरं असताना पाणी साठवण्याचा निर्णय कितपत कारणीभूत’ असा प्रश्न हवा.

शाळेने दिलेले गुण बाहेर नमुन्यावरून पडताळले जातात. २० पर्यंत उमेदवारांना ५ नमुने, ४० पर्यंत ८, त्यापुढे १०. नमुने शाळा निवडत नाही. एक शिक्षक सढळ असेल तर पाच वह्यांमुळे सगळ्यांचे गुण खाली येतात. म्हणून वरचा, मधला आणि खालचा असे तीन आयए सगळ्यांनी एकमेकांचे गुण न बघता तपासायचे आणि २ पेक्षा जास्त फरक पडला की रुब्रिकचं, म्हणजे गुण देण्याच्या तक्त्याचं, वाक्य पुढे ठेवून बोलायचं. दोन शिक्षकांच्या मधली सरासरी काढून मोकळं होणं ही सर्वांत वाईट सवय. त्यात कोण चुकतंय ते कधीच कळत नाही. मे परीक्षेसाठी गुण २० एप्रिलपर्यंत चढवायचे असतात, तेव्हा ही बैठक फेब्रुवारीत झालेली बरी. मार्चमध्ये शिक्षक प्रिलिमच्या गठ्ठ्यांखाली असतात.

भूगोलाच्या आयएसाठी केलेल्या क्षेत्रभेटीत पाठ्यपुस्तक थेट आडवं येतं. नदी खाली जाईल तसा प्रवाह वाढतो हे दाखवायला मुलांना मुठेवर नेलं की आकडे जुळत नाहीत, कारण पाणी खडकवासल्यातून सोडलं जातं आणि वाटेत नाले मिळतात. पावसाळ्यात तर पात्रात उतरवूच नये. त्यापेक्षा कर्वे रस्ता ते वेताळ टेकडी अशा रेषेवर दहा-बारा ठिकाणी एकाच तासात तापमान मोजणं सोपं. मोजणी गटाने चालते, लेखन प्रत्येकाचं स्वतंत्र.

शेवटची बाब नकाशांची. भारताच्या सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नसतील तर असा नकाशा प्रसिद्ध करणं १९९०च्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परदेशी पुस्तकांत काश्मीरची रेघ हमखास वेगळी असते. छापील पुस्तकाच्या त्या पानावर ‘सीमा अधिकृत नाहीत’ असा शिक्का तरी दिसतो. ई-पुस्तकावर तो नसतो, आणि त्यातलं चित्र कापून वर्कशीटवर चिकटवणारे शिक्षकच असतात. त्यामुळे जूनमध्ये वर्कशीटचं फोल्डर उघडून प्रत्येक नकाशा बघायचं काम कोणाच्याही जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नसतं, आणि ते विभागप्रमुखाकडेच येतं.