पिचरचा चेंडू फलंदाजाला का चकवतो?

बेसबॉलच्या आरंभकाळात पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, फलंदाजाला टोलवता येईल असा चेंडू द्यावा, एवढीच अपेक्षा असे. चेंडू उंच हवा की खाली, हे फलंदाज सांगत असे आणि ही मुभा १८८७ मध्येच संपली. त्याआधी १८८४ मध्ये नॅशनल लीग या अमेरिकेतील व्यावसायिक संघांच्या स्पर्धेने खांद्यावरून चेंडू फेकण्यास परवानगी दिली होती. त्यामुळे वाढलेल्या वेगाला आवर घालण्यासाठी १८९३ मध्ये पिचरला मागे सरकवून ६० फूट ६ इंच हे अंतर ठरवण्यात आले, जे आजही कायम आहे.

या अंतरावरून ताशी ९५ मैल वेगाने निघालेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो. बॅट फिरवायलाही वेळ लागत असल्याने चेंडू निम्म्या वाटेवर असतानाच निर्णय घ्यावा लागतो. म्हणजे फलंदाज चेंडू पुढे कुठे असेल याच्या अंदाजावर खेळतो आणि थोर पिचर नेमका तो अंदाज चुकवतो. फास्टबॉलला बोटांनी दिलेली उलटी फिरकी त्याला हवेत किंचित उचलून धरते, त्यामुळे तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आणि बॅट त्याच्या खालून जाते. चेंडू वर उसळल्याचे फलंदाज सांगतात, तो मात्र भासच. कर्व्हबॉलची फिरकी याच्या विरुद्ध असते, म्हणून तो लवकर खाली वळतो. चेंजअपमध्ये हाताची हालचाल फास्टबॉलसारखीच असते, फक्त वेग कमी असतो. हे सगळे चेंडू हातातून एकाच जागेवरून सुटले आणि सुरुवातीला एकाच वाटेने आले, तर ओळखायला उशीर होतो. माझ्या मते निव्वळ वेगापेक्षा ही कला मोठी आहे. न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा बहुतांशी एकच चेंडू, कटर हा फास्टबॉलचा प्रकार, टाकत असे. तो येणार हे ठाऊक असूनही शेवटच्या क्षणी होणारे त्याचे वळण फलंदाजांना पेलत नसे.

नियमांचा हस्तक्षेप मात्र थांबला नाही. थुंकी लावलेल्या स्पिटबॉलवर १९२० मध्ये बंदी आली, जरी तो टाकणाऱ्या काही जुन्या पिचरांना सवलत मिळाली. १९६८ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनने क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे झालेल्या धावा वगळता सरासरी प्रति नऊ डाव अवघ्या १.१२ धावा दिल्या, तेव्हा पिचरांचा वरचष्मा कमी करण्यासाठी पुढच्याच हंगामात पिचर ज्यावरून चेंडू टाकतो त्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली. अलीकडे कॅमेरे प्रत्येक चेंडूची फिरकी मोजू लागले आणि ती वाढवण्यासाठी बोटांना चिकट पदार्थ लावण्याचे प्रकार इतके बोकाळले, की जून २०२१ पासून पंच सामन्यादरम्यान पिचरचे हात, हातमोजा आणि टोपी तपासू लागले.