उथळ पाण्याचा आलेख

समाजमाध्यमांवरचा वाद पुरेसा लांबला, की कुणीतरी एक आलेख आणून टाकतं. आडव्या अक्षावर ज्ञान, उभ्या अक्षावर आत्मविश्वास. ज्ञान जेमतेम असतानाच आत्मविश्वासाचं एक उंच शिखर, मग एकदम खोल दरी आणि तिथून तज्ज्ञतेकडे हळूहळू चढत जाणारी वाट. शिखरावर मूर्ख, दरीत निराश झालेले शिकाऊ. खाली लिहिलेलं असतं 'डनिंग-क्रूगर परिणाम', म्हणजे ज्याला कमी येतं तो स्वतःला फार जास्त लेखतो. आलेख टाकणारा अर्थातच उजवीकडच्या चढावर उभा असतो आणि समोरचा शिखरावर.

डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ सालच्या शोधनिबंधात हा आलेख नाही. त्यात शिखर नाही, दरी नाही, आणि 'माणूस शिकत गेला की त्याचा आत्मविश्वास कसा बदलतो' हे त्यांनी असं मोजलेलंही नाही. तरी आपल्याला तो बघताक्षणी पटतो, कारण 'उथळ पाण्याला खळखळाट फार' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणीला विज्ञानाचा शिक्का मिळाला की आनंद होतो, आणि तपासायचं राहून जातं. जे आधीच पटलेलं आहे त्याचाच पुरावा गोळा करत जाणं हाही एक ओळखीचा विचारदोष आहे.

('विचारदोष' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. 'पूर्वग्रह' म्हटलं की मराठीत एखाद्या माणसाबद्दलची अढी डोळ्यासमोर येते. इथे कुणाबद्दल अढी नाही. मेंदूचा अंदाज ठरावीक दिशेला घसरतो, एवढंच.)

मूळ निबंधाची सुरुवात मात्र मजेदार आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये एका माणसाने भरदिवसा, चेहरा न झाकता, दोन बँका लुटल्या. लिंबाचा रस चोपडला की कॅमेऱ्यात चेहरा दिसत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. ज्याला आपण किती चुकतोय हेच कळत नाही, अशा माणसाचं हे उदाहरण देऊन लेखक प्रयोगांकडे वळतात. अमेरिकेतल्या नावाजलेल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या दिल्या. मग विचारलं, इतरांच्या तुलनेत तू कितव्या पर्सेंटाइलला असशील, म्हणजे शंभरातल्या किती जणांच्या पुढे? गुणांनुसार सगळ्यांचे चार सारखे गट पाडले. तळाचा गट प्रत्यक्षात सरासरी १२ व्या पर्सेंटाइलवर होता आणि स्वतःला ६२ व्या पर्सेंटाइलवर समजत होता. सर्वात वरच्या गटाने उलट स्वतःला थोडं कमी लेखलं. लेखकांचं स्पष्टीकरण देखणं आहे: बिनचूक वाक्य लिहायला जे ज्ञान लागतं, तेच वाक्य चुकलंय हे ओळखायलाही लागतं, त्यामुळे ज्याच्याकडे ते नाही त्याचं दुहेरी नुकसान होतं. २००० साली या कामाला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा गमतीदार पुरस्कार.

आता त्या १२ या आकड्याकडे पुन्हा बघा.

शंभर जणांना क्रम द्या, १ ते १००. तळाच्या गटात १ ते २५ क्रमांकाची माणसं येणार. त्यांची सरासरी १३. वरच्या गटाची ८८. यासाठी चाचणी घ्यावीच लागत नाही, पेपर छापायच्या आधीच हे आकडे ठरलेले असतात. म्हणजे निबंधातल्या आलेखात ज्या दोन रेषा आहेत, त्यांतली 'प्रत्यक्ष कामगिरी'ची तिरकी चढती रेषा हा शोध नव्हेच, ती पर्सेंटाइलची व्याख्या आहे. शोध असेल तर तो दुसऱ्या रेषेत, अंदाजाच्या. ती जवळजवळ आडवी आहे, साठीच्या वर कुठेतरी, उजवीकडे जाताना जराशी चढणारी. प्रश्न एवढाच उरतो की ती इतकी आडवी का?

दोन डबे घ्या. दोन्हींत १ ते १०० आकड्यांच्या चिठ्ठ्या. शंभर जणांनी पहिल्या डब्यातून एक चिठ्ठी काढायची, तो त्यांचा क्रम. दुसऱ्यातून काढायची, तो त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज. इथे अज्ञान नाही, अहंकार नाही. आता क्रमानुसार चार गट पाडा. तळाच्या गटाचा क्रम १३ आणि अंदाज पन्नासच्या आसपास. अरेरे, किती फुगलेली माणसं! वरच्या गटाचा क्रम ८८ आणि अंदाज पुन्हा पन्नासच्या आसपास. वा, केवढी विनयशील! चिठ्ठ्यांना मन नसतं, तरी आलेखात अडाणी आणि नम्र अशी दोन्ही माणसं हजर झाली.

यात फक्त एक भर घाला. बहुतेकांना आपण सरासरीपेक्षा जरा बरे वाटतो. ओला स्वेन्सन यांच्या १९८१ च्या पाहणीत ९३ टक्के अमेरिकन आणि ६९ टक्के स्वीडिश चालकांनी आपलं वाहनकौशल्य आपल्या गटातल्या मधल्या माणसाच्या वर ठेवलं होतं. तेव्हा प्रत्येकाच्या अंदाजात बारा मिळवा. तळाचा गट पोहोचला की नाही ६२ च्या घरात?

या मागची यंत्रणा मला संख्याशास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं यांच्या उंचीचा हिशेब मांडला. उंच आईवडिलांची मुलं उंच निघाली, पण आईवडील सरासरीपासून जितके दूर होते त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच. बुटक्यांच्या बाबतीतही तसंच. वाटेल की रक्तातच सरासरीकडे ओढणारं काहीतरी असावं. पण हाच हिशेब उलट करा. उंच मुलं निवडा आणि त्यांच्या आईवडिलांकडे बघा. तेही मुलांपेक्षा सरासरीच्या जवळ असतात! मुलांनी काही मागे जाऊन आईवडिलांना ओढलेलं नसतं. म्हणजे कारण रक्तात नाही, निवडण्यात आहे. दोन मापांचा संबंध पूर्ण नसेल, तर एका मापाच्या टोकावरून निवडलेली माणसं दुसऱ्या मापात मध्याकडे सरकलेली दिसतात. यालाच सरासरीकडे परतणं म्हणतात. दोन्ही मापं प्रमाण विचलनात (आकडे सरासरीपासून साधारण किती विखुरलेत त्या एककात) मोजली आणि सहसंबंध (दोन मापं किती जोडीने बदलतात ते) ०.३ असला, तर पहिल्या मापात दीड विचलन खाली असलेला माणूस दुसऱ्यात सरासरी ०.४५ विचलनच खाली सापडतो. सहसंबंध शून्य असेल तर थेट मध्यावर, आणि १ असेल तरच जिथल्या तिथे. (हे वाक्य डोक्यावरून गेलं तर चिठ्ठ्यांकडे परत जा, मुद्दा तोच आहे.)

परीक्षेतल्या गुणांत कुवत असते तसं नशीबही असतं. तळाचा गट निवडताना कमी कुवतीच्या जोडीला त्या दिवशी नशीब फिरलेलेही उचलले जातात. आपलं नशीब फिरलंय हे त्यांच्या अंदाजाला कसं कळावं?

ताईत आणि चमत्कारी गोळ्या याच खेळावर जगतात. आपण उपाय शोधायला निघतो तो दुखणं असह्य झाल्यावर, आणि चढ-उतार असलेलं दुखणं शिखरावरून बहुधा उतरतंच. श्रेय ताईताला. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांपुढे बोलत होते, तेव्हा एका प्रशिक्षकाने ठासून सांगितलं होतं की शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं आणि ओरडलं की सुधारतं. उड्डाणं दोन्ही वेळा आपापल्या सरासरीकडेच परतत होती. औषधाच्या चाचणीत औषध न दिलेला गट ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग डनिंग-क्रूगर खोटं का? इतकं सोपंही नाही. २००२ मध्ये योआखिम क्रूगर आणि रॉस म्युलर यांनी नेमका हा आक्षेप छापला: सरासरीकडे परतणं अधिक 'मी बरा आहे' ही भावना, झाला परिणाम. (क्रूगरवर टीका करणारा क्रूगर वेगळा, स्पेलिंगही वेगळं. या गोंधळात मी स्वतः एकदा पडलो आहे.) २००६ मध्ये कॅथरिन बर्सन आणि सहकाऱ्यांनी अवघड कामं दिली. काम अवघड वाटलं की सगळ्यांचेच अंदाज खाली येतात, मग आडवी रेषा तळाच्या गटाजवळून जाते आणि स्वतःला ओळखण्यात वरचेच जास्त चुकतात. दुहेरी नुकसानीच्या सिद्धांताने हे समजावता येत नाही, आडव्या रेषेने सहज येतं. दुसऱ्या बाजूला, डनिंग यांच्या गटाने २००८ मध्ये चाचणीतल्या नशिबाचा भाग वजा करून पाहिला, तेव्हा परिणाम आक्रसला पण नाहीसा झाला नाही. शिवाय मूळ निबंधातल्या चौथ्या प्रयोगात तर्काचं छोटं प्रशिक्षण दिल्यावर तळाच्या विद्यार्थ्यांना आपला पेपर किती फसला हे बरंच बरोबर सांगता आलं. हे निव्वळ चिठ्ठ्यांनी होत नाही. माझं मत विचाराल तर परिणाम आहे, पण आलेखाएवढा नाही, आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या त्या शिखराएवढा तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट निसटते. मूळ आलेखातही तळाचा गट स्वतःला वरच्या गटापेक्षा वरचढ समजत नाही. अंदाजाची रेषा कमी का होईना, चढतेच. नवशिके तज्ज्ञांना अक्कल शिकवतात हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आणि तो तळही कॉर्नेलमध्ये प्रवेश मिळवलेल्यांचा होता.

विश्वास बसत नसेल तर एक्सेल उघडा. शंभर ओळी, दोन रकाने, दोन्हींत १ ते १०० मधले यादृच्छिक आकडे. ते आधी व्हॅल्यू म्हणून पेस्ट करून गोठवा, नाहीतर क्रम लावताना पुन्हा बदलतात आणि अर्धा तास डोकं खाजवत बसावं लागतं. पहिल्या रकान्यावर क्रम लावा, पंचवीस-पंचवीसच्या सरासऱ्या काढा: तुमचा स्वतःचा डनिंग-क्रूगर आलेख तयार. मग तोच तक्ता दुसऱ्या रकान्यावर, म्हणजे अंदाजावर, क्रम लावून बघा. या वेळी अंदाजाची रेषा तिरकी होईल आणि कामगिरीची आडवी, आणि 'न्यूनगंडाने पछाडलेले हुशार' असा एक नवाच गट डाव्या कोपऱ्यात जमलेला दिसेल.