कापीव क्लिप आणि दुटप्पी भाषा

शब्द वक्त्याचेच, पण अर्थ त्याचा नाही, असा भाषणाचा तुकडा म्हणजे कापीव क्लिप. बोलणाऱ्याने स्वतःच एका वाक्यात दोन वाटा ठेवल्या, तर ती दुटप्पी भाषा. कीर्तनातला ‘नरो वा कुंजरो वा’चा प्रसंग दोन्हींचा आद्य नमुना मानावा: धर्मराज दुटप्पी बोलले आणि शेवटचा शब्द शंखनादात बुडाला.

कात्री कुठे चालते ते व्याकरणावर ठरते. हिंदीत ‘वे कहते हैं कि’ आधी येते, म्हणून क्लिप पुढून छाटतात. 2017 साली गुजरातमधील पाटण येथे राहुल गांधी ‘यंत्रात एकीकडून आलू घाला, दुसरीकडून सोने निघेल’ हे वाक्य नरेंद्र मोदींचे म्हणून सांगत होते. पसरलेल्या तुकड्यात ते राहुल गांधींचेच झाले. मराठीत शेपूट कापले की भागते. ‘आम्ही पाणीपट्टी वाढवणार नाही’ यातला ‘नाही’ जेमतेम अर्धा सेकंद, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रणात दहा-बारा फ्रेम. उरलेले वाक्य बिनचूक मराठी! हिंदीत मधला ‘नहीं’ काढला तर हात आणि मान झटका खातात. तो लपवायला टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीचा एक-दोन सेकंदांचा तुकडा वर चिकटवतात.

वेग बदलणे ही दुसरी युक्ती. 2019 मध्ये अमेरिकेतील नेत्या नॅन्सी पेलोसी यांचे भाषण सुमारे 75 टक्के वेगाने दाखवले गेले आणि त्या झिंगल्यासारख्या वाटल्या. या वेगाने 30 सेकंदांचे बोलणे 40 सेकंद चालते.

इंदूरमध्ये यात भाषांतराच्या पट्टीची भर पडते. राजवाड्यासमोरचे भाषण हिंदी, खालची पट्टी मराठी. ‘राजीनामा’ म्हणजे हिंदीत तडजोड, मध्य प्रदेशातल्या कोर्टांतला रोजचा शब्द. ‘दोनों गुटों में राजीनामा हो गया’ याखाली ‘दोन्ही गटांचे राजीनामे’ लिहिले की बातमी तयार. ‘शिक्षा देंगे’चेही तेच. इंदूरकर मराठी माणूस इथे सहसा फसत नाही, त्याला दोन्ही अर्थ ठाऊक असतात. फसतो तो पुण्यातला भाचा, ज्याला क्लिप पुढे जाते.

तपासताना आधी डोळे मिटून, हेडफोन लावून ऐकावे. जनरेटरची घरघर किंवा मैदानातला गलका मध्येच तुटला, तर तिथे सांधा आहे. मग क्लिप पाव वेगाने पाहावी, दोन-तीन फ्रेमचे स्क्रीनशॉट घेऊन चित्रशोध (तेच चित्र टाकून इंटरनेटवर शोध) करावा आणि मूळ थेट प्रक्षेपणात त्या वाक्याच्या आधीचे-नंतरचे दोन मिनिट ऐकावे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाइल दाबलेली असते, चित्रणाची वेळ, उपकरण अशा मूळ नोंदी तिच्यात सापडत नाहीत. पुरावा पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. न्यायालयासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जरा बदलली तरी बदलणारी तिची अंकी खूण, नोंदवतात. निवडणूक आयोगाने 6 मे 2024 रोजी पक्षांना सांगितले की बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढावा. तीन तासांत क्लिप कुठवर पोचते, हे कुठल्याही कुटुंबाच्या ग्रुपवर पाहावे.

दुटप्पी भाषेला मात्र पूर्ण चित्रणही पुरत नाही. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे पैशांची तरतूद अजून नाही. ‘कारवाई केली जाईल’ यात कर्ताच गायब. अशा वाक्यांना रक्कम, तारीख आणि अधिकाऱ्याचे पद विचारावे. ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला’ हा खुलासा आला की संपूर्ण, न कापलेले चित्रण मागावे. खरोखर कापाकापी झाली असेल, तर ते सर्वांत आधी वक्त्याच्याच कामाचे असते.