कोलंबसचा संघ कोलंबसमध्येच कसा राहिला

ऑक्टोबर 2017मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात बातमी फुटली, की ‘कोलंबस क्रू’ या फुटबॉल संघाचे मालक अँथनी प्रिकोर्ट संघ टेक्सासमधल्या ऑस्टिनला हलवायच्या विचारात आहेत. मेजर लीग सॉकर या अमेरिकेतल्या अव्वल फुटबॉल लीगच्या 1996च्या पहिल्या हंगामातल्या दहा संघांपैकी हा एक. तरीही तो असा उचलून नेता येत होता, याचं मूळ लीगच्या जन्मात आहे.

1994च्या विश्वचषकाचं यजमानपद मिळवताना अमेरिकेने फिफाला अव्वल लीग उभारण्याचा शब्द दिला होता. पण आधीची लीग 1984नंतर बुडालेली, त्यामुळे गुंतवणूकदार धास्तावलेले. म्हणून सगळा कारभार एकाच कंपनीत ठेवला. खेळाडूंचे करार लीगशी आणि संघमालक हे लीगचे भागीदार. म्हणजे संघ गावाचा नाही, लीगचा. हरून खालच्या श्रेणीत जाणं नाही, जिंकून वर येणंही नाही. आत यायचं तर पैसे मोजायचे: 2007मध्ये आलेल्या टोरांटोने 1 कोटी डॉलर मोजले, तर 2025मध्ये उतरलेल्या सॅन डिएगोने 50 कोटी.

नावंही अशीच वरून आली. आधी ‘डॅलस बर्न’, पुढे स्पेनच्या रिआल माद्रिद क्लबची नक्कल करत ‘रिआल सॉल्ट लेक’. मला त्यात त्या गावाचं काहीच दिसत नाही. गाव दिसतं ते पोर्टलंडच्या स्टेडियमात. गोल झाला, की संघाचा शुभंकर टिंबर जोई करवतीने ओंडक्याची चकती कापतो आणि सामना संपल्यावर ती गोल करणाऱ्याच्या हातात देतात. लाकडाच्या धंद्यावर वाढलेल्या शहराची ही खूण. फिलाडेल्फियात तर संघ मिळण्याआधीच, 2007मध्ये, ‘सन्स ऑफ बेन’ हा चाहत्यांचा गट तयार होता!

कोलंबसच्या चाहत्यांनी ‘सेव्ह द क्रू’ मोहीम उभारली. त्यांच्या मदतीला आला एक जुना घाव. ओहायोतल्याच क्लीव्हलंडचा ब्राउन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ दुसऱ्या राज्यातल्या बाल्टिमोरला गेल्यावर ओहायोने 1996मध्ये कायदा केला होता: सार्वजनिक पैशाचा लाभ घेतलेल्या संघाला हलवायचं, तर सहा महिने आधी नोटीस द्यायची आणि स्थानिकांना तो विकत घ्यायची संधी द्यायची. याच कायद्याच्या आधारे राज्य आणि शहर 2018मध्ये कोर्टात गेले. अखेर क्लीव्हलंडला पुढे परत मिळालेल्या ब्राउन्सचं मालक हॅस्लम कुटुंब आणि क्रूचे जुने डॉक्टर पीट एडवर्ड्स यांच्या कुटुंबाने संघ घेतला. ऑस्टिनला वेगळा संघ मिळाला. डिसेंबर 2020मध्ये क्रूने सिॲटलला 3-0 हरवून लीगचं विजेतेपद मिळवलं.

पुढच्याच मे महिन्यात याच नव्या मालकांनी संघाचं नाव ‘कोलंबस एससी’ (म्हणजे सॉकर क्लब) करायचं ठरवलं. चाहते पुन्हा उठले, आणि काही दिवसांतच ‘क्रू’ परत आलं.