सिद्धतेतली एक बेरीज

१९३२ साली बर्लिनमध्ये एक जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढची वीस वर्षं भौतिकीतला एक मूलभूत प्रश्न विचारणं जवळपास बंदच झालं. ग्रंथ गणिती जॉन फॉन नॉयमन यांचा. त्यांचं वय तेव्हा २८. क्वांटम सिद्धांताला, म्हणजे अणूंच्या जगाचे नियम सांगणाऱ्या सिद्धांताला, गणिताची भक्कम चौकट देणारं पुस्तक म्हणून त्याची थोरवी आजही कमी झालेली नाही. पण त्यातल्या मोजक्या पानांवर एक सिद्धता होती, आणि तो प्रश्न आता निकालात निघाला आहे असं ती सांगत होती.

प्रश्न असा. किरणोत्सारी मूलद्रव्याचे अगदी एकसारखे दोन अणू घ्या. एक आज दुपारी फुटतो, दुसरा आणखी हजार वर्षं तसाच राहतो. का? अशा असंख्य अणूंपैकी निम्मे फुटायला किती काळ लागेल, हे क्वांटम सिद्धांत अचूक सांगतो. पण हाच अणू आत्ताच का फुटला, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. फासा टाकल्यावर कोणता आकडा पडेल हेही आपल्याला सांगता येत नाही. मात्र हाताचा झटका, फाशाचा कोन, जमिनीचा खडबडीतपणा हे सगळं कळलं असतं तर आकडाही कळला असता, अशी आपली मनोमन खात्री असते. अणूचंही तसंच असेल का? त्या दोन अणूंच्या पोटात आपल्याला अजून न दिसलेला काही फरक असेल का? अशा न दिसलेल्या गोष्टींना भौतिकीत 'छुपी चलं' म्हणतात. क्वांटम सिद्धांत अपुरा आहे, त्याच्या तळाशी आणखी काहीतरी आहे, असं आइन्स्टाइन यांना वाटे. क्वांटम सिद्धांत घडवणाऱ्या नील्स बोर आणि वेर्नर हायझेनबर्ग यांना तसं वाटत नसे. फॉन नॉयमन यांच्या सिद्धतेनं हा वाद मतांच्या हातून काढून गणिताच्या हाती दिला, आणि गणिताचा निकाल होता: अशी चलं असूच शकत नाहीत.

सिद्धतेचा सगळा डोलारा काही गृहीतकांवर उभा होता. त्यातलं एक इतकं साधं दिसतं की त्यावर नजरही थांबत नाही. दोन राशींच्या बेरजेची सरासरी म्हणजे त्या दोन राशींच्या सरासऱ्यांची बेरीज. यात वावगं काय? वर्गातल्या मुलांना गणितात सरासरी ४० आणि मराठीत सरासरी ५० गुण असतील, तर दोन्ही विषय मिळून सरासरी ९० होणारच.

आता इलेक्ट्रॉनकडे येऊ. त्याच्या अंगी स्पिन नावाचा गुणधर्म असतो, इवल्याशा चुंबकासारखा. हा स्पिन आडव्या दिशेनं मोजला तर सोयीच्या एककात उत्तर +१ किंवा −१ येतं, मधलं काही नाही. उभ्या दिशेनं मोजला तरी +१ किंवा −१. अडचण अशी की दोन्ही दिशा एकाच वेळी मोजता येत नाहीत. मग आडवा आणि उभा स्पिन यांची बेरीज मोजायची कशी? आधी एक, मग दुसरा मोजून बेरीज करता येत नाही, कारण पहिल्या मोजणीतच दुसऱ्याची घडी विस्कटते. क्वांटम गणितानुसार ही बेरीज म्हणजे एक तिसरीच राशी आहे. तिच्यासाठी उपकरण ४५ अंशांत तिरकं करून नव्यानं मोजणी करावी लागते, आणि त्या मोजणीतून बेरजेची किंमत निघते ती +१.४१४ किंवा −१.४१४.

इथे थांबून हिशेब करून बघण्यासारखा आहे. +१ आणि −१ यांची कशीही जोडी लावा, बेरीज २ येईल, ० येईल किंवा −२ येईल. १.४१४ कधीच येणार नाही. तरीही एकाच प्रकारे तयार केलेले हजारो इलेक्ट्रॉन घेऊन काहींवर आडवी, काहींवर उभी आणि काहींवर तिरकी मोजणी केली, तर सरासऱ्यांची बेरीज चोख जुळते. म्हणजे बेरजेचा नियम समूहाच्या सरासरीला लागू पडतो, एकेकट्या इलेक्ट्रॉनला नाही. छुपी चलं मानायची तर प्रत्येक इलेक्ट्रॉनची तिन्ही उत्तरं आधीच ठरलेली असणार, आणि तिथे 'सरासरी' आणि 'प्रत्यक्ष किंमत' यांत काही फरकच उरत नाही. त्या पातळीवरही बेरीज जुळलीच पाहिजे असा आग्रह धरला, तर छुपी चलं अशक्य ठरणारच! फॉन नॉयमन यांनी धरला तो हाच आग्रह. पण तो का धरावा? तिरकं उपकरण हे वेगळं उपकरण आहे, इलेक्ट्रॉनशी त्याचा व्यवहार वेगळा आहे. त्याचं उत्तर बाकी दोन उपकरणांच्या उत्तरांची साधी बेरीज असावं, असं बंधन निसर्गावर कुणी घातलं?

हे इतकं सरळ आहे की बारावीच्या मुलालाही समजावून सांगता येईल. म्हणूनच पुढची हकिगत मला अस्वस्थ करते.

ही फट १९३५ सालीच एका व्यक्तीला दिसली होती. ग्रेटे हर्मन, जन्म १९०१, गाव ब्रेमेन. गॉटिंगेनला त्यांनी थोर गणिती एमी नोएथर यांच्याकडे डॉक्टरेट केली. बहुपदींच्या गणितातले प्रश्न ठरावीक पायऱ्यांत सोडवता येतात का, यावरचा त्यांचा तो प्रबंध आज संगणकीय बीजगणिताच्या पायाभूत कामांत मोजला जातो. पण त्यांची दुसरी ओढ तत्त्वज्ञानाची होती. गॉटिंगेनलाच त्या तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन यांच्या कांटवादी परंपरेत घडल्या. प्रत्येक घटनेला कारण असतं ही समजूत आपण अनुभवातून शिकत नाही, तिच्याशिवाय अनुभवच शक्य नाही, असं जर्मन तत्त्वज्ञ कांट यांचं म्हणणं. आणि इकडे भौतिकी सांगत होती की अणू कारणाशिवाय फुटतो. हर्मन यांना हे पटेना. १९३४ साली त्या थेट लायपझिगला हायझेनबर्ग यांच्याकडे गेल्या. तिथे हायझेनबर्ग आणि तरुण कार्ल फ्रीडरिश फॉन वायझॅकर यांच्याशी त्यांच्या दीर्घ चर्चा झाल्या. हायझेनबर्ग यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या चर्चांना स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

या चर्चांनंतर हर्मन यांनी १९३५ साली एक मोठा निबंध लिहिला. त्याच्या एका भागात फॉन नॉयमन यांच्या सिद्धतेची तपासणी आहे आणि तिचा रोख नेमका त्या बेरजेवर आहे. एकाच वेळी मोजता न येणाऱ्या राशींसाठी बेरजेचा नियम आपोआप खरा ठरत नाही. तो क्वांटम सिद्धांताच्या सरासरी काढण्याच्या पद्धतीतून येतो. मग तोच नियम अजून न सापडलेल्या, अधिक तपशीलवार वर्णनावर लादणं म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चालणं झालं.

निबंध नेल्सन यांच्या पंथाच्या, फार थोड्या भौतिकशास्त्रज्ञांच्या हाती पडणाऱ्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी एका प्रतिष्ठित विज्ञानपत्रिकेत त्याचा गोषवारा छापून आला, पण त्यात हा भाग नव्हता. त्या टीकेची जवळपास कुणीच दखल घेतली नाही. हर्मन नाझीविरोधी चळवळीत होत्या. १९३६ साली त्यांना जर्मनी सोडावा लागला आणि डेन्मार्क, फ्रान्स, इंग्लंड असा त्यांचा परदेशवास सुरू झाला. एकीकडे विख्यात गणिती, दुसरीकडे विद्यापीठात पद नसलेली, परागंदा झालेली, स्वतःला तत्त्वज्ञ म्हणवणारी स्त्री. तिचं म्हणणं ऐकलं गेलं नाही यात मला तरी निव्वळ योगायोग दिसत नाही. आइन्स्टाइन यांच्या सहायकांच्या आठवणीत असंही येतं की त्यांनीही एकदा फॉन नॉयमन यांचं पुस्तक उघडून त्याच गृहीतकावर बोट ठेवलं होतं आणि हे आपण का मानायचं, असं विचारलं होतं. पण त्यांनी ते छापलं नाही.

आता काही अभ्यासक म्हणतात की फॉन नॉयमन यांचा स्वतःचा दावा मर्यादित होता, वाचणाऱ्यांनी तो ताणला. असेल तसंही. दार बंद करायला मात्र ती सिद्धताच वापरली गेली.

दार उघडलं ते १९५२ साली. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला नकार दिल्यामुळे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांची प्रिन्स्टनची नोकरी गेली होती आणि ते ब्राझीलला साव पाउलो विद्यापीठात पोचले होते. त्या वर्षी त्यांचे दोन लेख प्रसिद्ध झाले. त्यांत इलेक्ट्रॉनला सदैव एक निश्चित जागा असते आणि एक लाट त्याला वाट दाखवते. फ्रान्सच्या लुई द ब्रॉय यांनी १९२७ मध्ये मांडून मग सोडून दिलेली ही कल्पना बोम यांनी पूर्णत्वाला नेली. तिची सगळी भाकितं नेहमीच्या क्वांटम सिद्धांताशी तंतोतंत जुळतात. म्हणजे जे असूच शकत नाही असं सिद्ध झालं होतं, तेच समोर कागदावर मांडलेलं होतं. तरीही स्वागत थंडच झालं. आइन्स्टाइन यांनी भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांना लिहिलं की हा मार्ग त्यांना फार स्वस्तातला वाटतो.

बेलफास्टच्या एका तरुणाला मात्र या लेखांनी झपाटलं. जॉन बेल. विद्यार्थिदशेतच त्यांनी फॉन नॉयमन यांच्या निकालाविषयी वाचलं होतं, पण मूळ ग्रंथ जर्मनमध्ये, आणि बेल यांना जर्मन येत नव्हतं. बोम यांचे लेख वाचल्यावर सिद्धतेत कुठेतरी चूक असणार हे त्यांनी ओळखलं. जर्मन जाणणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी ती समजून घेतली. इंग्रजी भाषांतर यायला १९५५ उजाडलं. पुढे जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत कणत्वरकांचं काम करता करता, उरलेल्या वेळात, त्यांनी या विषयावर लिहिलं. फॉन नॉयमन यांच्या चुकीवरचा त्यांचा लेख संपादकांच्या कार्यालयात गहाळ होऊन अखेर १९६६ साली छापला गेला. त्यात बोट होतं ते त्याच बेरजेवर. हर्मन यांच्यानंतर ३१ वर्षांनी.

पण बेल तिथे थांबले नाहीत, आणि त्यांचं खरं मोठेपण इथे आहे. बोम यांच्या सिद्धांतात एक विचित्र गोष्ट होती: एका कणाची हालचाल दूरवरच्या दुसऱ्या कणावर तत्क्षणी अवलंबून असते. हा बोम यांच्या मांडणीचा दोष, की कुठल्याही छुप्या चलांना ही किंमत मोजावीच लागते? १९६४ साली त्यांनी उत्तर दिलं. ते समजायला एक खेळ पुरेसा आहे.

दोन बहिणींना दोन वेगळ्या खोल्यांत बसवा, आपसांत बोलणं बंद. पंच प्रत्येकीला 'पहिला' किंवा 'दुसरा' यांपैकी एक प्रश्न विचारतो, नाणं उडवून. उत्तर 'हो' किंवा 'नाही'. नियम असा: दोघींची उत्तरं सारखी यायला हवीत. फक्त दोघींनाही 'दुसरा' प्रश्न आला तर ती वेगळी हवीत. दोघी आदल्या रात्री हवं तेवढं ठरवून येऊ शकतात. तरीही त्या चारपैकी तीनच वेळा जिंकू शकतात. कारण पाहा. थोरलीचं पहिलं उत्तर धाकटीच्या दोन्ही उत्तरांसारखं असेल, आणि थोरलीचं दुसरं धाकटीच्या पहिल्यासारखं, तर थोरलीचं दुसरं आणि धाकटीचं दुसरं आपोआप सारखंच होणार. चौथी अट मोडलीच. म्हणून ७५ टक्के ही हद्द. घरून ठरवून आणलेली उत्तरं म्हणजेच छुपी चलं. पण बहिणींकडे परस्परांत गुंतलेल्या, म्हणजे ज्यांच्या मोजण्यांची उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात अशा कणांची जोडी असेल आणि आपापल्या कणावर मोजणी करून त्या उत्तर देत असतील, तर क्वांटम सिद्धांतानुसार त्या सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतील.

कोण बरोबर, हे आता प्रयोगानं ठरवता येणार होतं. मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याला नुसतं तत्त्वज्ञान म्हणून हिणवलं जात होतं, त्याला आकडा मिळाला. १९७२ साली बर्कलीत जॉन क्लॉसर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी, १९८२ साली पॅरिसजवळ ओर्से इथे आलँ आस्पे आणि सहकाऱ्यांनी प्रकाशकणांच्या जोड्यांवर मोजण्या केल्या. आस्पे यांनी तर कण वाटेत असतानाच मोजणीची दिशा बदलायची व्यवस्था केली होती. २०१५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन वापरून निकालावर शंका घ्यायला उरलेल्या मोठ्या पळवाटा बुजवल्या गेल्या. प्रत्येक वेळी घरून ठरवून आणलेल्या उत्तरांची हद्द ओलांडली गेली. क्लॉसर, आस्पे आणि गुंतलेल्या कणांवरच प्रयोग करणारे आंटोन झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. बेल १९९० सालीच गेले होते.

याचा अर्थ फॉन नॉयमन शेवटी बरोबर ठरले असा नाही. बोम यांचा सिद्धांत या सगळ्या प्रयोगांतून सुखरूप बाहेर येतो, कारण दूरवरचा तत्क्षणी संबंध तो उघडपणे मान्य करतो. कुणी म्हणतं, मोजणीच्या वेळी जग फांद्याफांद्यांत विभागतं आणि सगळीच उत्तरं येतात. कुणी म्हणतं, क्वांटम गणितातली लाट हा फक्त आपल्या माहितीचा हिशेब आहे. या मतांमध्ये निवाडा अजून झालेला नाही. पण काय मानलं तर काय सोडावं लागतं, हे आता नेमकं माहीत आहे, आणि १९३२ साली ते माहीत नव्हतं.

हर्मन यांचा स्वतःचा कल छुप्या चलांकडे नव्हता, हे इथे नोंदवायला हवं. सिद्धता चूक असली तरी अशी चलं शोधायची गरज नाही, असं त्यांचं मत होतं. मोजणीनंतर मागे वळून पाहिलं तर त्या मोजणीच्या संदर्भात कारणांची साखळी पुरी करता येते, असं त्या मांडत. म्हणजे त्यांनी उघडकीला आणलेली चूक त्यांच्या स्वतःच्या बाजूलाच सोयीची होती. तरीही त्यांनी ती दाखवली.

युद्धानंतर त्या ब्रेमेनला परतल्या आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात, शिक्षणाच्या राजकारणात रमल्या. विज्ञानेतिहासकार माक्स यामर यांनी १९७४ च्या ग्रंथात त्यांच्या टीकेची नोंद घेतली, तेव्हा कुठे भौतिकीच्या जगाला त्यांचं नाव कळू लागलं. ओर्सेच्या प्रयोगाचे निकाल छापून आले तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.