पत्त्याच्या जागी हुकूम

फोनवर बातमीचं पान उघडावं, तर वर चिकटलेली एक पट्टी, खाली 'ॲप डाउनलोड करा'ची दुसरी, कोपऱ्यात आपोआप सुरू होणारा व्हिडिओ. उरलेल्या चार बोटं जागेत बातमी वाचायची. संगणकावर यासाठी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकता येतं. फोनवरच्या क्रोममध्ये ती सोय नाही. बुकमार्क मात्र आहे, आणि तेवढ्यावर काम भागतं.

बुकमार्क म्हणजे एक नाव आणि एक पत्ता. पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू झाला की ब्राउझर तिकडे जातो. पण सुरुवातीला 'जावास्क्रिप्ट' आणि अपूर्णविराम असेल, तर तो कुठेच जात नाही. आहे त्याच पानावर पुढचा कोड चालवतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली, तेव्हापासूनची ही सोय. अशा बुकमार्कला 'बुकमार्कलेट' हे नाव १९९८ मध्ये स्टीव्ह कँगस यांनी दिलं.

माझं पट्ट्या काढणारं बुकमार्कलेट दोन ओळींचं आहे. पानातला एकेक घटक तपासायचा आणि 'फिक्स्ड' किंवा 'स्टिकी', म्हणजे पडद्याला चिकटून राहणारा, दिसला की उडवायचा. पान रीलोड केलं की पट्ट्या परत हजर, कारण साफसफाई फक्त आपल्या फोनमध्ये झालेली असते.

संगणकावर बुकमार्कलेटचा दुवा ओढून ब्राउझरच्या बुकमार्कपट्टीवर टाकला की झालं. फोनवर आधी कुठलंही पान बुकमार्क करायचं, मग ते एडिट करून पत्ता पुसायचा आणि तिथे कोड पेस्ट करायचा. आयफोनच्या सफारीत बुकमार्कच्या यादीतून टॅप केलं की ते चालतं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये यादीतून टॅप करून उपयोग नाही. बातमीच्या पानावरच राहून ॲड्रेस बारमध्ये त्याचं नाव टाइप करायचं आणि खाली आलेली बुकमार्कची सूचना निवडायची. मी आधी नाव 'झाडू' ठेवलं होतं, तर सर्चच्या सूचनांची गर्दी झाली. आता 'पट्टीझाडू' आहे. ते जगात दुसरं कोणी शोधत नसावं.

कोड हाताने लिहिणार असाल तर अवतरणचिन्हं सांभाळा. आयफोनचा कीबोर्ड सरळ चिन्हं परस्पर वळणदार करतो आणि कोड गुपचूप बंद पडतो. आणखी एक गंमत: कोडचं शेवटचं उत्तर मजकूर निघालं, तर ब्राउझर पान पुसून तोच मजकूर दाखवतो. अक्षरं मोठी करायला गेलो, तर पांढऱ्या पडद्यावर एकटं '१३०%' उभं! शेवटी 'व्हॉइड' घालून ते उत्तर गिळायला लावावं लागतं.

काही साइट्स सुरक्षेच्या धोरणाने असा कोड अडवतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. बँकेच्या पानावर चालवलेलं बुकमार्कलेट त्या पानावरचं सगळं वाचू शकतं. अनोळखी माणसाने पाठवलेला कोड कोणी सरळ ॲड्रेस बारमध्ये पेस्ट केला, तर क्रोम सुरुवातीचा 'जावास्क्रिप्ट' शब्द आपणहून कापतो. बुकमार्कमध्ये मात्र कापत नाही. तिथे तो तुम्ही समजूनउमजून ठेवलाय, असंच धरून चालतो.