युद्धकैदी की स्थानबद्ध? नाव टाइप करण्याआधी हे ठरवा

खानापूर-निपाणीकडच्या घरांत ‘पणजोबा तुर्कांच्या कैदेत होते’ असं सांगतात. ‘पहिल्या महायुद्धात बेळगावात जर्मन कैदी होते’ हेही ऐकू येतं. शब्द एकच, पण दप्तरात हे दोन वेगळे वर्ग आहेत. चुकीच्या वर्गात शोधलं तर असलेली नोंदही हाती लागत नाही.

युद्धकैदी म्हणजे लढताना पकडलेला सैनिक. २९ एप्रिल १९१६ रोजी आजच्या इराकमधलं कूत-अल-अमारा तुर्कांच्या हाती पडलं, तेव्हा १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तिथल्या वेढ्यात अडकलेल्या होत्या आणि त्यांतले सैनिक युद्धकैदी झाले. स्थानबद्ध म्हणजे शत्रूदेशाचा निःशस्त्र नागरिक: मिशनरी, व्यापारी, त्यांची बायकामुलं. बेळगावची छावणी या दुसऱ्या प्रकारची होती. तिथे प्रामुख्याने स्त्रिया आणि मुलं ठेवली होती, आणि १९१७ मध्ये रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी तिची पाहणी केली.

रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन ठेवली आहेत. तिथे आधी राष्ट्रीयत्व, मग सैनिक की नागरी हे निवडायचं आणि शेवटी नाव. मिशनऱ्याला ‘सैनिक’मध्ये शोधण्याची चूक नेमकी इथेच होते. समोर येतात ती कार्डांची छायाचित्रं, टाइप केलेला मजकूर नव्हे. त्यामुळे अचूक नाव जुळण्याची वाट न बघता मागेपुढे पंधरा-वीस कार्डं चाळावीत. कार्डावर अक्षर आणि आकडा असा क्रमांक असतो. तो टिपून घ्या, कारण त्याच क्रमांकाने मूळ यादीचं पान उघडतं. कार्ड ही फक्त किल्ली आहे, खरी माहिती यादीत असते.

आपल्याकडच्या सैनिकाच्या बाबतीत आडनावावर भिस्त ठेवू नये. इंग्रज कारकून पुष्कळदा नुसतं नाव, बापाचं नाव आणि गाव लिहीत. ‘मारुती पाटील’ सापडला नाही तर ‘मारुती’, पलटण आणि गाव अशी सांगड घालून पाहा. पलटणीचा त्या काळचा क्रमांकच टाका. १९२२ च्या फेररचनेत ११० वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, म्हणून नव्या नावाने १९१६ ची नोंद मिळणार नाही. कैदेत मृत्यू झाला असेल तर युद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची सूची पाहावी. इराकमधल्या बसरा युद्धस्मारकाच्या दगडावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत. तिथल्या फोटोत नाव दिसलं नाही म्हणून शोध सोडू नका, सूचीत ते असू शकतं. ज्यांनी जीव दिला त्यांचं नाव निदान पडद्यावर तरी वाचता यावं.

स्थानबद्धांसाठी वाट वेगळी. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर मुख्यतः फाइलींच्या इंग्रजी शीर्षकांत शोध होतो, आतल्या मजकुरात नाही. त्यामुळे व्यक्तीच्या नावाने काही येत नाही. ‘इंटर्नी’ (Internee, स्थानबद्ध), ‘एनिमी सब्जेक्ट’ (Enemy Subject, शत्रूदेशाचा नागरिक) असे सरकारी शब्द रोमन लिपीत टाका आणि गाव ‘बेलगाम’ (Belgaum) या जुन्या स्पेलिंगने लिहा. २०१४ पासूनचं ‘बेळगावी’ टाकलं तर त्या काळच्या फाइली निसटतात. ‘प्रिझनर’ हा शब्दही एकदा वेगळा टाकून बघाच, कारण कारकुनांनी दोन्ही वर्गांना तो सर्रास लावला आहे.

ऑनलाइन काही मिळालं नाही तर बेंगळुरूआधी मुंबईचं पुराभिलेखागार गाठा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबईच्या कारभारात होता आणि त्या वेळचा पत्रव्यवहार तिकडेच जाई.